खूप लांब म्हणजे किती

“आई, आजोबांना पाय आहेत का?” असं चार वर्षांच्या नातीने फोनवर विचारलं, आणि तिथून या सगळ्या भानगडीला सुरुवात झाली. प्रश्न आईला होता, पण आवाज असा खणखणीत की आजोबांना ऐकू न येण्याची सोयच नव्हती. पोरीचं तसं काही चुकलं नव्हतं. जन्मल्यापासून तिने आजोबांना फोनमध्येच पाहिलेलं, आणि फोनमधले आजोबा छातीपाशी संपत. आजी निदान मधेच उठायची, दूध उतू चाललं म्हणून आत पळायची, त्यामुळे तिला पाय असल्याचा पुरावा होता. आजोबा मात्र कायम टेबलाशी, शर्टाचं वरचं बटण लावून, पासपोर्टचा फोटो काढायला बसावं तसे बसलेले.

हे आजोबा म्हणजे टेपकाका. ज्या माणसाने रस्ते खात्यात उभा जन्म अंतरं मोजण्यात काढला, ज्याने बसवलेले मैलाचे दगड अजून जागचे हललेले नाहीत, आणि जो निवृत्त झाल्यावरही खिशात टेप घेऊन हिंडतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? काका कुणाकडे गेले तरी बसायच्या आधी दाराची रुंदी नजरेने मोजून घेत. नुसता आकडा त्यांना खपत नसे. नवा लागलेला एखादा कारकून “साहेब, पूल इथून सात आहे” असं म्हणाला, की काका शांतपणे विचारत, “सात काय? बटाटे?” निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या मंडळींनी त्यांना गंमत म्हणून सात बटाटे भेट दिले. काकांनी ते घरी आणले, आणि वजन करून काकूंच्या हवाली केले.

अशा माणसाच्या पायांवर संशय म्हणजे फारच झालं. काका तडक खुर्चीवर चढले आणि काकूंना म्हणाले, धर फोन, दाखव तिला. काकूंनी फोन असा धरला की नातीला आधी छत दिसलं, मग पंखा, मग काकूंचा अंगठा आणि सगळ्यात शेवटी एक चप्पल. त्या गडबडीत खुर्ची कलली, काका टेबलाला धरून लोंबकळले, आणि नातीला पाय दिसले ते हवेत झाडले जाताना.

“आहेत,” नात म्हणाली. “मग चालत का येत नाही?”

“लांब आहे बाळा.”

“किती लांब?”

काकांनी तोंड उघडलं आणि आतून आलं ते एवढंच, “खूप.”

खूप. धड आकडा नाही, की पुढे मैल नाही का किलोमीटर नाही. असल्या उत्तरासाठी त्यांनी एका मुकादमाला महिनाभर उन्हात उभं केलं होतं. काकांनी फोन ठेवला. मग त्यांनी जाहीर केलं की आपलं शहर आणि मुलीचं शहर यांतलं नेमकं अंतर आणि जायला लागणारा नेमका वेळ हे दोन्ही ते स्वतः काढणार, आणि तो आकडा हातात येईपर्यंत प्रवासाचं कुणी बोलायचं नाही.

काकूंच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. कारण कपाटाच्या वरच्या खणात पुढच्या महिन्याची विमानाची दोन तिकिटं होती, आणि जावयाने पाठवलेली ती तिसरी जोडी होती. पहिली जोडी काकांच्या गुडघ्यापायी परत गेली. दुसरी गेली ती इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं काम निघालं आणि कुणीतरी जबाबदार माणूस इथे हवा म्हणून. टाकी झाली, गुडघाही कधीच बरा झाला, आणि मुलगी दोन्ही वेळा फक्त “बरं बाबा” म्हणाली. ते दोन शब्द काकूंना फार लागले होते. काकांनाही लागले असणार, पण ते त्या दिवशी जिन्याच्या पायऱ्या मोजत बसले होते.

तर काकांनी जगाचा नकाशा आणला. तो एवढा मोठा निघाला की भिंतीवर लावायला कपाट हलवावं लागलं, कपाट हलवायला शेजारी बोलवावे लागले, आणि शेजारी आले ते मग हलेनात. त्यात दोघं मुख्य. एक तळमजल्यावरचे निवृत्त कॅशियर, ज्यांना जगातल्या प्रत्येक व्यवहारात कुणीतरी कुणाला तरी फसवतंय असं दिसे. दुसरे वरच्या मजल्यावरचे विमानवाले. त्यांना विमानवाले म्हणायचं कारण एवढंच की नऊ वर्षांपूर्वी ते एकदा विमानात बसले होते, आणि त्यानंतर एकही आठवडा त्यांनी ते कुणाला विसरू दिलं नव्हतं.

काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन काकांनी तो नकाशावर या शहरापासून त्या शहरापर्यंत ताणला. दोरा समुद्रावरून, दोन-तीन देशांवरून सरळ आडवा गेला. विमानवाले म्हणाले, एवढा ताणू नका, विमानाला थोडी ढील लागते. कॅशियर म्हणाले, दोरा कंपनीच्या बाजूने मोजू नका, आपल्या बाजूने मोजा. दुसऱ्या खेपेला आकडा वेगळाच आला, कारण दोरा ताणून ताणून लांबला होता. तिसऱ्या खेपेला दोरा तुटला. अखेर सुतळी आणली आणि साडेतेरा हजार किलोमीटर असा निकाल लागला. काकूंचा चहा तोवर पाच वेळा फिरला होता, आणि त्यांचा आवडता निळा दोरा कामातून गेला होता.

अंतर झालं, आता वेळ. तिकिटावर लिहिलं होतं की विमान सकाळी दहाला निघून दुपारी तीनला पोचेल. म्हणजे पाच तास. येताना मात्र दुपारी तीनला निघून दुसऱ्या दिवशी दीडला. म्हणजे साडेबावीस तास. रस्ता एकच, मग जायला पाच आणि यायला साडेबावीस कसे? विमानवाल्यांनी वाऱ्यावर ढकललं. काकांचं मत पडलं की जाताना उतार असणार. कॅशियरना यात परतीचा प्रवास जास्त परवडणारा वाटला, तेवढ्याच पैशांत चौपट वेळ बसायला मिळतं. तिकडचं घड्याळ आपल्या मागे असतं, मुलीशी बोलताना इथे रात्र आणि तिथे दुपार असते, हे काकूंनी आतून सांगून पाहिलं. पण पुरुषमंडळी विचारात असताना आतून आलेला आवाज बाहेर पोचायला त्या घरात नेहमीच वेळ लागे.

खरा स्फोट झाला तो तिकिटासोबत आलेल्या रंगीत पत्रकामुळे. त्यावर विमानाची वाट काढली होती, आणि ती सरळ नव्हतीच. ती इथून निघून वर चढत होती, थेट बर्फाच्या प्रदेशाला टेकत होती, आणि मग मुलीच्या शहरात उतरत होती. खाली अंतर लिहिलं होतं अकरा हजार. काकांनी पत्रक नकाशाशेजारी धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला. तो आनंद काकूंना मुळीच आवडला नाही.

“वाट वाकडी आणि आकडा कमी,” काका म्हणाले. “हीच तर लबाडीची खूण.”

नवख्या माणसाला रिक्षावाला गावभर फिरवून आणतो तसा हा प्रकार आहे, यावर कॅशियर आणि काका यांचं तत्काळ एकमत झालं. संध्याकाळपर्यंत जिन्यात बैठक भरली. कंपनी उतारूंना आडवाटेने नेते, शिवाय बर्फावरून नेते, याचा निषेध करणारा अर्ज लिहून झाला. त्यावर अकरा बिऱ्हाडांनी सह्या केल्या. त्यातली नऊ बिऱ्हाडं आयुष्यात विमानात बसली नव्हती, पण अन्याय तो अन्याय. कंपनी लेखी खुलासा देत नाही तोवर आम्ही त्या विमानात पाऊल ठेवणार नाही, असं शेवटचं वाक्य होतं.

“आम्ही म्हणजे कोण कोण?” काकूंनी विचारलं. काका सह्या मोजू लागले.

रात्री काकांनी ही बातमी मुलीला फोनवर सांगितली. घसा खाकरून, मुद्देसूद सांगितली. ती “बरं बाबा” म्हणेल म्हणून ते थांबले. पण ती ते म्हणाली नाही.

“बाबा, या वेळी तिला तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “शाळेत सगळ्यांना सांगून बसलीय ती, आजोबा येणार म्हणून. दोनदा मी सांगितलं. आता नाही जमणार मला.”

काका म्हणाले, सांगतो, आधी खुलासा येऊ दे. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, आणि सकाळी उठून त्यांनी दुकानातून पृथ्वीचा गोल आणला. कंपनीच्या तोंडावर पुरावा मारायचा तर तो पक्का हवा. पृथ्वी गोल आहे हे काकांना माहीत नव्हतं असं नाही; पण रस्ते खात्याच्या हद्दीत ती कायम सपाटच होती, आणि त्यांचं काम त्या हद्दीतलं. कॅशियरनी गोल पाहिल्यापाहिल्या सांगितलं की हा दांड्यावर तिरका बसवलाय, खोट आहे, बदलून घ्या. जन्मभर ओळंब्याने दगड उभे केलेल्या माणसाला ते पटलं. दुकानदाराने बदलून द्यायला दुसरा गोल काढला तर तोही तेवढाच तिरका. शेवटी काकांनी बुडाखाली पुठ्ठ्याची घडी सारून पृथ्वी सरळ केली आणि पिशवीत घातली.

विमान कंपनीच्या कचेरीत काका आणि काकू दोघंही गेले. काकू बरोबर आल्या त्या पुराव्यासाठी नव्हे, तर काका तिथून काहीतरी रद्द करून येऊ नयेत म्हणून. दारावरच्या रखवालदाराने पिशवीला हात लावून विचारलं, यात काय आहे.

“पृथ्वी,” काका म्हणाले.

रखवालदाराने आत डोकावून पाहिलं आणि पृथ्वी आत नेता येणार नाही असं सांगितलं. काकांनी नियम दाखवायला सांगितला. रखवालदाराने वरिष्ठांना फोन लावला. साहेब, एक काका पृथ्वी घेऊन आलेत, असं तो म्हणाला, आणि पलीकडून काहीतरी विचारल्यावर, नाही साहेब, एकच आहे, असं उत्तर देऊन त्याने त्यांना आत सोडलं.

चौकशीच्या खिडकीने त्यांना तक्रारीच्या खिडकीकडे पाठवलं. तक्रारीच्या खिडकीतला गृहस्थ म्हणाला, प्रवास झाल्यावर तक्रार करता येते, आधी नाही. काका म्हणाले, प्रवास चुकीचा होणार आहे हीच तक्रार आहे. गृहस्थाने सामान हरवलं का, विमानाला उशीर झाला का, असं विचारून पाहिलं, आणि यातलं काहीच झालेलं नाही म्हटल्यावर त्यांना पुन्हा चौकशीकडे पाठवलं. अशा दोन फेऱ्या झाल्यावर काकू खुर्चीवर बसल्या आणि काका एकटेच तिकिटांच्या खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले.

तिथे त्यांच्या मुलीच्या वयाची एक मुलगी होती. तिने अर्ज वाचला, सह्या पाहिल्या, आणि हसली नाही. विमान जवळच्याच वाटेने जातं काका, असं ती म्हणाली. काकांना हेच हवं होतं. त्यांनी पृथ्वी बाहेर काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, सुतळी काढली, आणि मागची रांग ऐकेल अशा आवाजात सांगितलं की आता आपण सगळे मिळून बघू.

एक टोक त्यांनी आपल्या शहरावर अंगठ्याने दाबलं, दुसरं मुलीच्या शहरावर. सुतळी घरच्या नकाशासारखी आडवी ठेवली आणि ताणली. सुतळी निसटली, वर सरकली, आणि बर्फाच्या प्रदेशावर जाऊन बसली. काकांनी ती खाली आणून पुन्हा ताणली. ती पुन्हा वर गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी मागच्या गृहस्थांना मधे बोट ठेवायला सांगितलं. बोट होतं तोवर सुतळी आडवी राहिली, पण सैल. बोट काढून ताणल्याबरोबर ती पत्रकातल्या वाटेवर गेली आणि तिथून इकडची तिकडे झाली नाही. काकांनी आडव्या वाटेची सुतळी आणि वरच्या वाटेची सुतळी टेपला लावून पाहिली. वरची आखूड भरली. दुसऱ्याची सुतळी असती तर तिच्यात खोट काढता आली असती. ही त्यांनीच आणलेली, आणि टेपही त्यांचाच.

“काका, पाणी देऊ का?” खिडकीतल्या मुलीने विचारलं.

ती हसली असती तर काकांना ते सोसलं असतं. त्यांनी पाण्याला नको म्हटलं, अर्जाची घडी करून खिशात घातली, तिचे आभार मानले, आणि पृथ्वी बगलेत मारून बाहेर आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

बाहेर फुटपाथवर बाक होता. काका त्यावर बसले, पृथ्वी मांडीवर घेऊन. काकू शेजारी बसल्या. बराच वेळ समोरून गाड्या जात राहिल्या. आता काकांकडे ना गुडघा उरला होता, ना टाकी, ना कंपनीची लबाडी.

“मला भीती वाटते गं,” काका म्हणाले.

“माहीत आहे मला.”

“पडायची नाही. म्हणजे पडायचीही. पण वर दगड नसतात. खाली रस्ता असला की एक दगड जातो, दुसरा येतो, माणसाला कळतं आपण कुठवर आलो. वर कसं कळणार? नुसतं बसून राहायचं, आणि आपण कुठे आहोत ते कुणालाच माहीत नाही.”

बेचाळीस वर्षांच्या संसारात काकांनी आपल्याला काही माहीत नाही असं फार कमी वेळा म्हटलं होतं. काकूंना त्यांची इतकी माया आली की त्यांनी आधी पृथ्वी त्यांच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतली.

“मी असेन ना शेजारी,” त्या म्हणाल्या. “मला विचारा, कुठवर आलो ते. मी सांगेन.”

“तुला काय माहीत असणार?”

“नसू दे. विचारा तर खरं.”

घरी परतल्यावर काकांनी नातीला फोन लावला आणि येतोय म्हणून सांगितलं. किती लांब ते तिने पुन्हा विचारलं. काका म्हणाले, येऊन सांगतो.

इमारतीत मात्र माघार पचायला वेळ लागला. कॅशियर म्हणाले, खिडकीतली मुलगी कंपनीची होती, सुतळीला काहीतरी लावलं असणार. विमानवाल्यांनी निघायच्या दिवशी सकाळी येऊन तासभर सूचना दिल्या, त्यातली मुख्य ही की विमान उडताना कुणीही घाबरलं तरी आपण घाबरायचं नाही. काकांनी टेप खिशात ठेवला होता. तपासणीत तो वाजला, बाहेर काढला गेला, तिघांनी तो ओढून पाहिला, आणि यातून काहीच घातक निघत नाही अशी खात्री झाल्यावर परत दिला. काकांनी तो परत घेताना पूर्ण आत गेलाय ना ते बघून घेतलं.

विमान धावायला लागलं तशी काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि काकूंना काहीतरी विचारण्यासाठी वळले. काकूंचे डोळे गच्च मिटलेले होते. ओठ हलत होते, आणि त्यांनी काकांचं मनगट असं आवळलं होतं की घड्याळाचा पट्टा हाडात रुतला. जन्मात एकदाही न डगमगलेल्या या बाईने शेजारी असेन म्हणून सांगितलं होतं, पण स्वतःचं काय होईल हे सांगितलं नव्हतं.

“किती राहिलं हो?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

काकांनी घाबरून इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा छोटा पडदा त्यांना दिसला. त्यावर नकाशा होता. नकाशावर एक इवलंसं विमान होतं, आणि खाली आकडा. उरलेलं अंतर, किलोमीटरमध्ये. काका बघत असतानाच तो आकडा बदलला. थोड्या वेळाने पुन्हा बदलला.

“अगं,” काका म्हणाले, “दगड आहेत इथे.”

मग त्यांना कुणाची गरज उरली नाही. ते सगळी वाट ते दगड वाचत गेले. काकूंनी विचारलं की सांगायचे, आणि त्या झोपल्या तेव्हा पलीकडच्या अनोळखी गृहस्थांना सांगायचे, ज्यांनी काहीच विचारलं नव्हतं. बर्फाचा प्रदेश आला तेव्हा खिडकीतून खाली पाहून काका हळूच म्हणाले, बरोबर आहे वाट. सूर्य मात्र काही केल्या मावळेना. मनगटावरचं घड्याळ मध्यरात्र दाखवत होतं आणि बाहेर लख्ख दुपार होती. काकांनी घड्याळ बदलायचं नाकारलं, कारण ते मोजलेल्या वेळेला धरून होतं. उतरले तेव्हा भिंतीवर तीन वाजले होते, पण पाच तास काही झाले नव्हते, चांगले चौदा झाले होते. काकूंनी इतकंच म्हटलं की मी आतून सांगत होते. त्यावर काका म्हणाले, हो, उतार नव्हता.

बाहेर मुलगी उभी होती. सहा वर्षांत ती थोडी भरली होती, डोळ्यांखाली थकवा होता, आणि काकांना पाहिल्यावर तिने तोंडावर हात धरला. तिच्यामागे, तिचा पदर मिळेना म्हणून कोट धरून, नात उभी होती. ती काकांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिने आधी बूट पाहिले, मग गुडघे, मग नजर हळूहळू वर चढवत शर्टाच्या वरच्या बटणापर्यंत आणली, आणि तिथे तिला ओळख पटली.

“आहेत,” तिने आईला सांगितलं. मग काकांना विचारलं, “किती लांब होतं?”

काकांकडे आता चार आकडे होते. दोऱ्याचा, सुतळीचा, पत्रकाचा आणि पडद्यावरचा. चारही त्यांना तोंडपाठ होते, आणि कुठला का चूक हेही ते सांगू शकले असते. पण त्यांनी खिशातून टेप काढून नातीच्या हातात दिला, आणि म्हणाले, तूच बघ.

नातीने टेपचं टोक आपल्या बुटाच्या पुढे ठेवलं आणि आईला त्यावर पाय द्यायला लावला. मग जीभ बाहेर काढून टेप ओढत ओढत काकांच्या बुटापर्यंत आणला, आणि वाकून आकडा पाहिला. तिच्या बोटाजवळ सदतीस होते. त्यातला मागचा आकडा तेवढा तिला येत होता.

“सात,” ती म्हणाली.

सामानाची गाडी ढकलणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते. मुलीने डोळे पुसले. ती त्या घरात वाढलेली होती, आता पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं, आणि ते आलं नाही तेव्हा तिनेच विचारलं, “सात काय, बाबा?”

काका जमिनीवर टेकले होते, नातीच्या उंचीला येऊन, टेपचं दुसरं टोक धरून.

“सात,” ते म्हणाले. “नुसतं सात.”